सात खाटांची दोरी

गेल्या अंकात मी हेन्री डेव्हिड थोरो आणि त्याचा वडीलधारा मित्र राल्फ वाल्डो एमर्सन यांच्यावर दोन पानं लिहिली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातलं कॉंकर्ड हे त्यांचं गाव. खरं काय आणि योग्य काय हे ओळखणारी जागा प्रत्येक माणसाच्या आतच असते, पोथी आणि पुरोहित त्यानंतर येतात, आणि झाडापाण्याजवळ राहिलं की ती जागा निवळते, असं ही मंडळी मानत. त्यांना ट्रान्सेन्डेन्टलिस्ट म्हणतात. त्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यातल्या पाचांना इथे उत्तर देते. नावं मुद्दाम गाळली आहेत.

बाई, मी सत्तावीस वर्षांचा आहे. पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आर्वी तालुक्यात आमचं पाच एकर कोरडवाहू वावर आहे. नोकरी सोडून दोन वर्षं वावरातल्या कोठ्यात एकट्यानं राहावं असं मी ठरवलंय, थोरोसारखं. बाबा म्हणतात, "आमी जलमभर वावरातच रायलो, आमाले काय भेटलं?" पण माझं मन जा म्हणतंय. मनाचं ऐकावं असंच एमर्सन सांगतो ना?

बेटा, बाबांचा प्रश्न तू नकार म्हणून ऐकलास. मला तो थेट थोरोचाच प्रश्न वाटला. 'वॉल्डन' या त्याच्या पुस्तकातलं पहिलं आणि सगळ्यात लांब प्रकरण पाखरांवर नाही, ते हिशेबावर आहे. ज्यांच्या शेतावर कर्ज नाही अशा बारा शेतकऱ्यांची नावं सांगा, असं त्यानं कॉंकर्डच्या कर आकारणाऱ्यांना विचारलं, तर त्यांना चटकन बारा नावं देता आली नाहीत. शेत माणसाचं की माणूस शेताचा, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. कोरडवाहू कपाशीत उमर गेलेला माणूस "आमाले काय भेटलं" म्हणतो तेव्हा तोही हेच विचारत असतो. एक दिवस त्यांच्याजवळ धुऱ्यावर बस आणि त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घे.

आता थोरोचा हिशेब. ४ जुलै १८४५ ला तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ ला परतला. घर दहा फूट बाय पंधरा फूट, स्वतः बांधलेलं, खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची खोपटी विकत घेऊन तिच्या फळ्या त्यानं वापरल्या. कुऱ्हाड मागून आणली होती, ती परत करताना आधीपेक्षा धारदार करून दिली. अडीच एकरांत मुख्यतः घेवडा लावला. पहिल्या वर्षी शेतीवर खर्च १४ डॉलर साडेबहात्तर सेंट, विक्री २३ डॉलर ४४ सेंट, हाती उरले ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. अर्ध्या सेंटाचाही हिशेब ठेवणारा हा माणूस मला त्याच्या सूर्योदयाच्या वर्णनांइतकाच आवडतो.

पण त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांकडून काही गोष्टी सांगायच्या राहून जातात. जमीन एमर्सनची होती. आईवडिलांचं घर चालत अर्ध्या तासावर होतं आणि तो तिथे जेवायला जात असे. बायकोमुलं नव्हती. मजुरी आणि जमीनमोजणी करून वर्षातले साधारण सहा आठवडे कमावले की आपलं भागतं, असं त्यानं लिहिलं. यानं त्याचं मोठेपण कमी होत नाही. पण तुझ्या घरचं कर्ज किती, बहिणीचं लग्न व्हायचंय का, बाबांचं वय काय, यातलं काहीच तू लिहिलं नाहीस. त्याची वही आधी मांड.

मनाचं ऐकण्याबद्दल. एमर्सन बॉस्टनच्या चर्चमध्ये पगारी धर्मगुरू होता. तिथला भाकरी आणि द्राक्षरसाचा एक विधी आपण मनापासून करू शकत नाही हे त्याला कळलं. आधी तो चर्चच्या मंडळींशी बोलला, बदल सुचवला. त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा १८३२ मध्ये त्यानं जागा सोडली. अमुक एक काम या हातांनी होणार नाही, असं त्याचं मन सांगत होतं. तुझं मन कोणत्या कामाला नाही म्हणतंय? तुझ्या नोकरीत तुला कुणाची फसवणूक करावी लागते का? तसं असेल तर कोठा असो नसो, ते काम सोड. आणि तसं काही नसेल, फक्त जीव थकला असेल, तर थकलेल्या जिवाला विसावा हवाच, पण त्याला मनाचा कौल म्हणू नकोस.

राहिलं एकट्यानं राहणं. आमच्याकडे साकोली भागात धान कापून बांधीत पुंजणे रचले की रात्री जागलीला जावं लागतं, रानडुकरं येतात. एका वर्षी हे तापानं पडले आणि सलग अकरा रात्री मी मचाणावर काढल्या. पहिल्या तीन रात्री नुसती भीती. चौथ्या रात्री डुकरांनी एक पुंजणं विस्कटलं तेव्हा इतका संताप आला की हातात बंदूक असती तर मी चालवली असती. सातव्या-आठव्या रात्री माझ्या ध्यानात आलं, डुकरं ज्या बाजूनं येणार त्या बाजूची टिटवी आधी ओरडते. मग मी आवाज ऐकून झोपू लागले आणि टिटवीबरोबर उठू लागले. त्या रात्रींनी मला जे दिलं ते कोणत्याही पुस्तकानं दिलं नाही. पण ते मिळालं पुंजणे राखताना. राखायला काही नसतं तर मी तिसऱ्याच रात्री घरी गेले असते.

म्हणून मी म्हणेन, मृगाच्या पेरणीपासून कपाशीच्या पहिल्या वेच्यापर्यंत बिनपगारी रजा मिळते का बघ. कोठ्यात राहा. बाबांच्या हाताखाली काम कर, त्यांच्या वर नाही. रोह्यांनी तूर खाल्ली तर किती खाल्ली तेही लिहून ठेव. थोरोनं तळं सोडलं तेव्हा, आपल्याला अजून इतर आयुष्यं जगायची आहेत, असं कारण त्यानं दिलं. तुलाही परत फिरायची मोकळीक राहू दे.

गीता आहे, तुकोबा आहेत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आपल्या मातीतले. मग दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन माणसाची शिकवणी कशाला? (एक निवृत्त गृहस्थ, अमरावती)

काका, तुमच्या गीतेचाच तो वाचक होता. १७८५ मध्ये गीतेचं पहिलं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, ते विल्किन्सचं. ते एमर्सन आणि थोरो दोघांनीही वाचलं. त्या काळी बॉस्टनकडचा बर्फ जहाजानं कोलकाता, मद्रास, मुंबईला येत असे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डनवरही बर्फ कापणारे आले. सकाळी गीता वाचून तळ्यावर पाणी भरायला जाणाऱ्या थोरोला वाटलं, माझ्या तळ्याचं पाणी गंगेच्या पाण्यात मिसळतंय. उलट बाजूनं सांगायचं तर गांधीजींनी थोरो दक्षिण आफ्रिकेत वाचला, १९०७ मध्ये आपल्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्याच्यावर लिहिलं. सत्याग्रहाची कल्पना मात्र आपण त्याच्याकडून घेतली नाही, ती चळवळ आधीच सुरू झाली होती, हेही त्यांनी पुढे स्पष्ट केलं. तेच गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, मातीकुडाच्या घरात येऊन राहिले. ज्याला आपण आपलं म्हणतो ते कितीदा समुद्र ओलांडून आलं आणि गेलं, याचा मला तरी आनंदच होतो.

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, लाखांदूर तालुका. पांदण रस्ता रुंद करायचा म्हणून कडेची चिंच आणि मोहाची जुनी झाडं तोडायचा ठराव येतोय. रस्ता हवाच आहे, चिखलात ट्रॅक्टर फसतात. पण झाडं एकाच बाजूला आहेत, दुसऱ्या बाजूनं रुंदी घेता येते. तिकडचं वावर वजनदार माणसाचं आहे, म्हणून कुणी बोलत नाही. बाकी सगळे सही करणार. घरून सांगतात, "गावात राह्याचं हाय, तूबी कर." मन तयार नाही. काय करू?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही रस्त्याच्या विरोधात नाही हे तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत, म्हणून मला थोरोची एक लोकांना कमी माहीत असलेली गोष्ट आठवली. जुलै १८४६ मध्ये तो दुरुस्तीला टाकलेला जोडा आणायला गावात गेला आणि डोईपट्टी भरली नाही म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. गुलामगिरी पाळणाऱ्या आणि मेक्सिकोवर लढाई लादणाऱ्या सरकारला आपला पैसा नको, म्हणून काही वर्षं तो ती भरत नव्हता. एक रात्र आत राहिला. सकाळी घरच्या कुणीतरी परस्पर पैसे भरले, तो सुटला, जोडा घेतला आणि पोरांबरोबर रानात बोरासारखी फळं वेचायला गेला. हे पुष्कळांना माहीत असतं. पण या तुरुंगवासावर लिहिलेल्या लेखातच तो सांगतो की रस्त्याचा कर मी कधीच चुकवला नाही, कारण मला चांगला शेजारी व्हायचंय. नकार कुठे द्यायचा आणि हात कुठे लावायचा, हे त्यानं वेगवेगळं ठेवलं होतं. तुम्हीही तेच करताय.

तुकोबांनी याला शब्द दिलेत: "सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥" ग्वाही म्हणजे साक्षीदार. मन हा साक्षीदार आहे, मालक नाही. साक्षीदारानं जे पाहिलं तेवढंच सांगायचं असतं, आणि ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं असतं. पवनारला १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबा वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून युद्धाविरुद्ध बोलायला उभे राहिले, तेव्हा ते एकटेच होते, आणि उघडपणे उभे होते. दहा वर्षं आधी, १९३० मध्ये, पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं तेही दिवसाढवळ्या, अटक होणार हे ठाऊक असून. आपल्या विदर्भात मनाची साक्ष आणि गवतझाडं अशी एकाच जागी आलेली आहेत.

तर सभेत सही करू नका आणि गैरहजरही राहू नका. "रस्त्याला माझी संमती आहे, झाडं तोडण्याला विरोध आहे, दुसऱ्या बाजूची मोजणी करावी," हे तीन तुकडे कागदावर लिहून न्या, वाचा, आणि इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवायला लावा. चिंच आणि मोह ही दोन्ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ती घेतली का, एवढंच शांतपणे विचारा. वजनदार माणसाचं नाव घेऊ नका. फूटपट्टी बोलू द्या.

मी हे इतक्या आग्रहानं सांगते त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, तपासणीच्या आधी, रोवणीला गेलेल्या पोरांची हजेरी भरून टाका असं वरून सांगितलं गेलं. शाळेचं नाव इथे घेत नाही. सगळ्यांनी भरली, मीही भरली. माझ्या वर्गातली एक मुलगी अख्खा जुलै चिखलात वाकून पऱ्हे लावत होती आणि माझ्या वहीत ती रोज हजर होती. वर्षाअखेर ती नापास झाली. तिची आई शाळेत आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या वहीत माही पोरगी रोज येत होती म्हणतेत. मंग तिले येत काऊन नाही?" मी उत्तर देऊ शकले नाही. आजही देऊ शकत नाही. त्या महिन्यात मी खरी वही ठेवली असती तर ती नापास झाली नसती असं नाही. पण जुलैमध्ये पोरं कुठे असतात हे कुणाला तरी लेखी कळलं असतं.

एक आशेची गोष्टही सांगते. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेचा निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचाही विरोध असला तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. त्याच गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. एका माणसाची अडचण ऐकून घेतल्यानं गाव अडत नाही, हे आपल्याच मुलखात सिद्ध झालेलं आहे. तुमच्या सभेत हे सांगा. आणि काय झालं ते मला कळवा, मी वाट पाहीन.

बाई, मी नववीत आहे. अर्जुनी मोरगाव तालुका. माझी आजी मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळते. शाळेत सांगतात की त्यामुळे वणवा लागतो. आजी म्हणते तिच्या आजीपासून असंच करतात. थोरो असता तर काय म्हणाला असता?

बाळ, थोरोनं स्वतःच जंगल जाळलं होतं. एप्रिल १८४४ मध्ये, तळ्यावर राहायला जायच्या आधीच्या वर्षी, तो एका मित्रासोबत मासे शिजवत होता. वाळलेल्या गवतानं पेट घेतला आणि शंभराहून अधिक एकर रान जळालं. गावातले लोक त्याला पुढे कितीतरी वर्षं रानजाळ्या म्हणत. सहा वर्षांनी त्यानं आपल्या रोजनिशीत याविषयी लिहिलं, पण त्यात पश्चात्तापापेक्षा स्वतःचं समाधान जास्त आहे. वीज पडून आग लागावी तसंच हे झालं, असं तो मनाला सांगतो. त्याचं सगळं लेखन मी आदरानं वाचते, हे मात्र मला पटत नाही. ज्यांचं रान जळालं त्यांच्या दारात जाऊन तो काही बोलल्याचं त्या लिखाणात नाही. मनाची ग्वाही घेताना मन आपल्याला सोयीचं बोलतंय का, हे तपासावं लागतं. त्याच्याकडूनही ते राहून गेलं.

आजीला दोष देऊ नकोस. मार्च-एप्रिलात पहाटे फुलं गळतात, ती उजेड वाढायच्या आत वेचायची असतात. पाचोळ्यात एकेक फूल शोधत वाकायचं म्हणजे काय, हे शाळेत सांगणाऱ्यानं एक पहाट वेचून बघावं. आग ती आळसानं लावत नाही, कंबरेसाठी लावते. म्हणून तिच्या कंबरेचा विचार तू कर. आदल्या संध्याकाळी खराट्यानं झाडाखालचं लोटून घे, पाचोळा शेणखताच्या खड्ड्यात टाक, आणि जुनी लुगडी शिवून केलेली चादर किंवा हिरवी जाळी अंथर. फुलं स्वच्छ पडतात, माती लागत नाही. पहिल्या वर्षी एकाच झाडाखाली कर. आजीनं दोन्ही झाडांची फुलं तुलना करून पाहिली की तीच ठरवेल. तिची आजी पाचोळा जाळत होती तेव्हा रान किती दाट होतं, हेही तिला विचार. आणि ती सांगेल ते लिहून मला पाठव.

आमच्या शाळेत 'निसर्गाच्या जवळ' असा उपक्रम घ्यायचाय. झाडं लावून झाली, घोषवाक्यं झाली. मुलांना खरंच जवळ नेईल असं काय करावं? (शिक्षक, पवनी तालुका)

सर, काहीतरी मोजा. वॉल्डन तळ्याला तळच नाही असं कॉंकर्डचे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत होते आणि कुणी दोरी टाकून पाहिली नव्हती. थोरोनं १८४६ च्या सुरुवातीला गोठलेल्या तळ्यावर जाऊन, दोरीला दगड बांधून, जागोजागी खोली मोजली. सगळ्यात खोल जागा १०२ फूट भरली. तळं खोल आणि निर्मळ आहे याचा त्याला आनंद झाला, आणि तळ असल्यानं ते कमी पवित्र झालं असं त्याला वाटलं नाही.

आमच्या गावाजवळ चुलबंद नदीत एक डोह आहे. सात खाटांची दोरी जोडली तरी तळ लागत नाही, असं माझ्या सासूबाई सांगत, त्यांच्या सासूबाईही सांगत. एका मे महिन्यात मी सातवीच्या पोरांना घेऊन गेले. बाजेची जुनी सुंबाची दोरी, पाट्याचा फुटका तुकडा, हाताहातावर लाल चिंधीची गाठ. गावातल्या ढिवरानं आपला डोंगा दिला आणि स्वतः वल्हवायला आला. दोन-दोन पोरांना घेऊन आम्ही नऊ जागी दोरी टाकली. पोरं मोठ्यानं गाठी मोजत होती. सगळ्यात खोल जागी चौदाव्या हाताला दगड टेकला आणि दोरी सैल पडली. एक पोरगी म्हणाली, पुन्हा टाका. पुन्हा टाकली, पुन्हा चौदाच.

काठावर आलो तेव्हा मी ढिवराला म्हटलं, "पाहिलं का भाऊ, चौदा हात." त्यानं डोंग्यातलं आपलं जाळं उचललं आणि खालच्या दोरीवरची एक जुनी, काळी पडलेली गाठ दाखवली. आमच्या चौदाव्या चिंधीशी ती लावून पाहिली, तर चार बोटांचाही फरक नव्हता.

"हे त माह्या बापानं बांधली हाय," तो म्हणाला. "आमाले ठावंच होतं, बाई. कोनी इचारलं कुठी?"